अमुक कारखाना

ज्या घरात कोणी कोणाचं ऐकत नसे, त्या घराने अण्णा गेल्यानंतरही त्यांचा एक नियम मात्र निमूटपणे पाळला होता. ट्रस्टच्या बैठकीत कोणाचंही नाव घ्यायचं नाही.

मदत मागणाऱ्यांचे अर्ज आत्या मोठ्याने वाचायची आणि माणसाचं, गावाचं किंवा कंपनीचं नाव आलं की तिथे ‘अमुक’ म्हणायची. अण्णा आपल्या मुलांना पुरते ओळखून होते. नावं कळली की थोरला आपल्या मित्रांना मदत करणार, धाकटा आपल्या दवाखान्यात दात काढून घेणाऱ्यांना, आणि मुलगी या दोघांना नको असेल त्याला. म्हणून अमुक. परिणामी या कुटुंबाने अमुक डोंगरावरच्या लोकांना त्यांचं अमुक जंगल परत मिळवून दिलं होतं, अमुक शहरातली गटारं साफ करणाऱ्यांची संघटना उभी केली होती, अमुक खाणीतल्या बायकांना पुरुषांइतकी मजुरी मिळेपर्यंत वकील पुरवले होते, आणि आपण नक्की कोणाचं भलं केलंय याचा घरात कोणालाही पत्ता नव्हता. वर्षाच्या शेवटी अहवाल छापला जाई. त्यात सगळी नावं असत. तो कोणी वाचत नसे.

यंदाची बैठक पाणथळीत होती. मदत जिथे पोचली तिथे जाऊनच बैठक घ्यायची, ही पण अण्णांचीच शिस्त. जागा आत्याने ठरवली होती, बस आत्याने ठरवली होती आणि बसमध्ये कोणी कुठे बसायचं हेही आत्यानेच ठरवलं होतं.

“हा ड्रायव्हर आपल्याला गोल गोल फिरवतोय,” काका म्हणाले. “मघाशी आपण आपल्या कारखान्याच्या अगदी जवळ होतो. चिमणी दिसली मला.”

“चिमण्या सगळ्या सारख्याच दिसतात, दादा,” आत्या म्हणाली आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला.

काका म्हणजे घरातला थोरला मुलगा. अण्णांचा रंगाचा कारखाना तेच चालवत. धाकटा दातांचा डॉक्टर, म्हणून दातकाका. मधला भाऊ पुडीचा बाप. ती शाळेत जायला लागायच्या आधीच तो गेला. ट्रस्टमधली त्याची खुर्ची इतकी वर्षं रिकामी होती, ती यंदा पुडीला मिळाली होती.

पुडी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. लहानपणापासून ती पुड्या सोडायची. शाळेत तिने सांगितलं होतं की संध्याकाळचं आकाश आमच्या काकांच्या कारखान्यात रंगवून मिळतं, आणि अर्ध्या वर्गाने ते खरं मानलं होतं. घरच्यांनी तेव्हापासून तिचं काहीच खरं मानलं नाही. तिला विश्वस्त करायचं निघालं तेव्हा दातकाका म्हणाले होते, “ही बैठकीत काहीही बोलेल.” त्यावर काका म्हणाले होते, “तू काहीच बोलत नाहीस. सरासरी बरी येईल.” विषय तिथेच मिटला होता. पुडी काकांच्याच घरात वाढली होती. सायकल, पोहणं, गणित आणि खोटं कधी बोलू नये हे सगळं तिला काकांनीच शिकवलं होतं. त्यातलं गणित तिला अजून जमत नव्हतं.

बस थांबली तिथे एक बाई उभ्या होत्या. गळ्यात शिट्टी, पायात गुडघ्यापर्यंत बूट आणि केस असे बसवलेले की वाऱ्याचीही हिंमत होऊ नये. पाणथळ वाचवणाऱ्या मंडळाच्या या अध्यक्षा, आणि पलीकडच्या वस्तीत त्यांचं पार्लर होतं.

“एकामागून एक या,” त्या म्हणाल्या. “फळीच्या मधोमध चाला. बोलायचं असेल तर हळू. आणि साहेब, तुमचे बूट गेले असं समजा.”

काकांनी बुटांकडे असं पाहिलं की जणू स्टेशनवर कोणाला सोडायला आले आहेत.

फळ्यांची वाट पाणकणसांमधून जात होती. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेली पाणकणसं आणि त्यांच्यावर दाट धुकं. बसमध्ये सगळे एकाच वेळी बोलत होते. पहिल्या वळणावर दातकाका गप्प झाले, ते नेहमीचंच. दुसऱ्या वळणावर काकाही गप्प झाले. पुडीने मागे वळून पाहिलं, कारण काका गप्प होण्याचा प्रसंग तिने याआधी फक्त दोन अंत्ययात्रांमध्ये पाहिला होता.

मग पाणकणसं संपली आणि समोर पाणी आलं.

ते किती होतं ते सांगता येत नव्हतं, कारण पाणी कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं हे त्यांचं आपसात ठरलेलं नव्हतं. त्यावर बदकं होती. हजारो असतील. इतकी बदकं एका जागी असून कोणी काही बोलत नव्हतं, ही गोष्ट या कुटुंबाला समजण्यापलीकडची होती. एक बगळा एका पायावर उभा होता आणि दुसरा पाय आहे हे विसरून गेला होता. मग कशाने कोण जाणे, सगळा थवा एकदम उठला. आवाज आधी आला, वारा नंतर. पायाखालची फळी थरथरली. पक्षी डोक्यावरून जाईपर्यंत आकाश नावाची गोष्टच उरली नाही.

पुडीच्या तोंडात एक विनोद तयार होता. तो तिने गिळला. आयुष्यात पहिल्यांदाच.

“हे आपण केलं?” काकांनी विचारलं. आवाज त्यांचा नव्हता.

“केलं आम्ही,” पार्लरवाल्या बाई म्हणाल्या. “तुम्ही पैसे दिले. पण चालेल, आपण म्हणा.”

*

बैठक पाण्यावरच्या लाकडी मांडवात होती. चारी बाजूंनी मोकळा, मध्ये लांब टेबल आणि दोन्ही बाजूंना बाक. काकांनी पाण्याकडे तोंड करून बसायचं ठरवलं होतं. आत्याने त्यांना हाताला धरून उलट्या बाजूला बसवलं. “तिकडे ऊन येईल तुझ्या डोळ्यांवर.” ऊन कुठेच नव्हतं.

पार्लरवाल्या बाईंनी आधी थोडक्यात हकिकत सांगितली. इथे पूर्वी नुसता चिखल होता. रंगीत चिखल. वस्तीतलं पाणी याच चिखलातून झिरपून यायचं.

“माझ्याकडे पांढरे केस घेऊन आलेली बाई निळसर होऊन परत जायची,” त्या म्हणाल्या. “पहिले काही महिने धंदा जोरात चालला. मग बायकांच्या अंगावर चट्टे उठायला लागले, पोरांना खाज सुटायला लागली, आणि माझ्या लक्षात आलं की मी लावतेय तो रंग माझा नाही. म्हटलं, हे पाणी धुवायला पाहिजे. पाणकणसं पाणी धुतात, हे तुम्हाला माहीत आहे का साहेब? मुळांनी धुतात. आम्ही लावली. तुमच्या ट्रस्टने रोपं दिली, होड्या दिल्या, पाणी तपासायची यंत्रं दिली. पण वरून घाण येतच राहिली तर बिचारी किती धुतील? त्यांनाही जीव आहे.”

मग आत्याने चष्मा लावला आणि अर्ज वाचायला घेतला.

“अमुक वस्तीच्या मागे अमुक रंगांचा कारखाना आहे. त्याच्या मागच्या भिंतीतून एक पाइप येतो. अमुक कारखान्याला आम्ही वारंवार सांगून पाहिलं. अमुक कारखान्याच्या गेटवर आम्हाला बागेतलं कारंजं दाखवून परत पाठवलं. आता कोर्टात जाण्याशिवाय मार्ग नाही. पाइप बंद व्हावा, आणि वस्तीला स्वच्छ पाणी अमुक कारखान्याने स्वतःच्या खर्चाने द्यावं, एवढीच मागणी आहे. त्यासाठी वकील हवा.”

“हवाच,” काका म्हणाले. “मी या धंद्यात आहे म्हणून सांगतो. रंगवाल्याने पाणी शुद्ध करूनच सोडलं पाहिजे. त्याला काय अक्कल लागत नाही. यंत्र बसवायचं, चालू करायचं. आम्ही बसवलंय. फीत मी कापली. आणि हा अमुक माणूस लोकांना कारंजं दाखवतो? लाज नाही?”

तेव्हा धुकं वर सरकायला लागलं होतं. पुडी काकांच्या समोर बसली होती, त्यामुळे काकांच्या डोक्यामागचं पाणी तिला दिसत होतं. आधी पाण्याचा पलीकडचा काठ दिसला. मग एक लांबलचक भिंत. मग भिंतीवर एक छप्पर आणि छपरावर माणसापेक्षा उंच अक्षरं. अक्षरं लोखंडी सांगाड्यावर उभी होती आणि ती मागून दिसत होती, म्हणजे उलटी. वाचताना जीभ वळेना.

“असल्या माणसाला भर चौकात उभं केलं पाहिजे,” काका म्हणत होते. “रात्री झोप कशी लागते त्याला?”

पुडी उलटी अक्षरं एकेक करून सुलटी करत होती. उजवीकडून डावीकडे वाचत गेली, तेव्हा ती ओळखीची वाटली. आडनाव तिचंच होतं.

“डाव्या कुशीवर झोपतो,” ती म्हणाली. “घोरतोसुद्धा.”

“काय?”

“काका, तो आपला कारखाना आहे.”

दातकाका हसले. हसणं ही त्यांच्या बाबतीत मोठीच गोष्ट होती. “मी म्हटलं नव्हतं?” ते म्हणाले.

“पुडी, आज नको,” काका म्हणाले. “या बाई इतक्या लांबून आल्यात.”

“मी इथेच राहते,” बाई म्हणाल्या.

“काका, मागे बघा.”

“तुझ्या शाळेतही तू असंच—”

“दादा,” आत्या चष्मा काढत म्हणाली, “मागे बघ.”

काका वळले. त्यांनी आपला कारखाना आयुष्यभर पुढून पाहिला होता. गेट, बाग, कारंजं, पायऱ्या, केबिन. घर पुढून बघतात, माणूस पुढून बघतात, तसाच कारखाना. त्याला पाठ असते ही कल्पनाच त्यांना कधी आली नव्हती. ते इतका वेळ बघत राहिले की एक बदक त्यांना खांब समजून जवळ आलं.

“हे आपलं अक्षर आहे,” शेवटी ते म्हणाले. “अण्णांनी स्वतः काढून दिलेलं.”

पार्लरवाल्या बाई एकदा काकांकडे, एकदा छपराकडे बघत होत्या. “म्हणजे उलटी पाटी तुमची?” त्यांनी विचारलं. “आम्ही तर तिला उलटी पाटीच म्हणतो. ट्रस्टवाले आणि उलट्या पाटीवाले एकच?”

“ट्रस्ट आईच्या नावाचा आहे,” दातकाका हळूच म्हणाले, जणू त्यामुळे काही फरक पडणार होता.

बाईंनी गळ्यातली शिट्टी सरळ केली. “मग मी चहा सांगितलाय, तो आणू का राहू दे?”

“आणा,” आत्या म्हणाली. “लागेल.”

*

“तुला कधीपासून माहीत होतं?” काकांनी विचारलं.

“अर्ज मीच वाचते, दादा. पहिल्या वर्षापासून.”

“आणि तू मला अमुक अमुक म्हणत राहिलीस? मी त्या अमुकला शिव्या घालत राहिलो, पैसे मंजूर करत राहिलो, आणि तू ऐकत राहिलीस?”

“छान देतोस तू शिव्या. मला कधी थांबवावंसं वाटलं नाही.”

“सांगायला काय झालं होतं?”

“सांगितलं असतं तर काय केलं असतंस?”

काकांनी तोंड उघडलं. खोटं बोलू नये हे त्यांनी एका आख्ख्या पोरीला शिकवलेलं होतं आणि ती पोरगी समोरच बसली होती. “नाही म्हणालो असतो,” ते म्हणाले. “रोपांनाही.”

“म्हणून.”

पुडी आत्याकडे बघत राहिली. या बाईने घरातल्या प्रत्येक लग्नात, बारशात, भांडणात काकांच्या शेजारी बसून जेवण केलं होतं आणि चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नव्हती. पोटात एवढं ठेवून माणूस जेवतो कुठे, असा पुडीला प्रश्न पडला. आत्याला ती आजवर किरकोळ समजत होती. आता तिच्याकडे बघताना मघाशी पाण्याकडे बघताना झालं तसंच काहीतरी झालं.

“मत घेऊ या,” आत्या म्हणाली. “नेहमीसारखं. सगळ्यात लहान आधी. सगळ्यांचा होकार असेल तरच मंजूर. एकाचाही नकार आला तर अर्ज बाद.”

“ताई, आजच्या दिवस मोठ्यांपासून सुरू करू या का?” दातकाका म्हणाले.

“मोठ्याचं ऐकून तू मान हलवशील. तेवढ्यासाठीच तर अण्णांनी लहान आधी ठेवलंय.”

सगळे पुडीकडे बघायला लागले. ही खुर्ची तिला काकांनी मिळवून दिली होती, आणि या खुर्चीवर तिने तोंडातून काढायचा पहिलाच शब्द काकांना कोर्टात उभं करणार होता. तिने काकांकडे पाहिलं. काका पाण्याकडे बघत होते, पण कान इकडे होते. तिच्या लहानपणी सायकलची पकड सोडून मागे उभे राहायचे तेव्हा असेच असायचे. बघत नाही असं दाखवायचे.

“मंजूर,” ती म्हणाली. त्यावर कोणाला हसू आलं नाही. तिच्या बोलण्याचं असं याआधी कधी झालं नव्हतं.

“मी दातांचा माणूस आहे,” दातकाका म्हणाले. “कीड आत असली की वरून पांढरं करून भागत नाही. हे मी रोज लोकांना सांगतो आणि त्यांच्याकडून पैसे घेतो.” त्यांनी काकांकडे बघायचं टाळलं. “मंजूर.”

हे त्यांचं त्या दशकातलं सर्वात लांब भाषण होतं.

“मंजूर,” आत्या म्हणाली. “दादा?”

काका उठले. “मी आधी तो पाइप बघणार. आमचं यंत्र चालू आहे. मी फीत कापलीय. यांची काहीतरी चूक होतेय.”

“पुडी, जा बरोबर,” आत्या म्हणाली. “पडला तर हाक मार. नाही पडला तरी मार.”

*

पाणकणसांतून भिंतीपर्यंत एक अरुंद फळी जात होती. काका पुढे, पुडी मागे.

“तू नाही म्हणाली असतीस तर,” काका म्हणाले, “मी सुटलो असतो.”

“माहीत आहे.”

“मला वाईट वाटलं असतं पण.”

“ते पण माहीत आहे. म्हणून तर.”

पाइप भिंतीच्या पायाशी होता, बादलीच्या तोंडाएवढा. त्यातून पाणी येत होतं. काका वाकले, बाही वर सारली आणि दोन्ही हात त्या धारेखाली धरले. हात बाहेर काढले तेव्हा ते मनगटापर्यंत निळेहिरवे झाले होते, आणि कोवळ्या उन्हात चमकत होते. पाणी त्यांच्या बोटांतून पाणकणसांच्या मुळांशी गळत होतं. तिथली पाणकणसं करपलेली होती.

“हा आपला मोरपंखी रंग,” काका म्हणाले. “याला बसवायला मला चार वर्षं लागली. बघ ना, काय उतरलाय.” आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा ते भिंतीला टेकून खाली बसले.

थोड्या वेळाने ते उठले आणि भिंतीवर चढायला लागले. साठी उलटलेला माणूस, पायात मेलेले बूट. पुडीने खालून खांदा दिला. काका भिंतीवर घोड्यावर बसावं तसे बसले, एक पाय कारखान्यात, एक पाय पाणथळीत.

आतून शिट्टी वाजली. “ओ आजोबा, खाली उतरा,” पहारेकऱ्याचा आवाज आला. “इथे चढायला मनाई आहे. साहेबांना कळलं तर माझी नोकरी जाईल.”

पहारेकऱ्याने साहेबांना फक्त गाडीच्या काचेतून पाहिलं होतं.

“हा पाइप कसला?” काकांनी विचारलं.

“जुना आहे. पाणी शुद्ध करायचं यंत्र बंद असलं की इकडून सोडतात.”

“यंत्र कधी बंद असतं?”

“साहेब येणार नसतील तेव्हा.”

काका वरूनच मागे बघत होते. पुडीला तिथून नुसता त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांना तिथून सगळं दिसत असणार. ते धुतलेलं, उजळलेलं पाणी, त्यावर परत उतरणारे थवे, पलीकडे वस्ती, वस्तीत दोरीवर वाळत घातलेले कपडे. कारखान्यात गेल्या पन्नास वर्षांत जे काही तयार झालं होतं त्यात एवढं मोठं काही नव्हतं, आणि हे त्यांच्याच भिंतीच्या मागे, त्यांना न विचारता तयार झालं होतं. काकांचं तोंड उघडंच राहिलं होतं. त्यांचं वय गळून पडलं होतं. लहान पोर पहिल्यांदा समुद्र बघतं तसे ते बघत होते, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. सुचलं नाही ते बरंच झालं, हात रंगलेले होते.

“आजोबा, उतरताय ना?”

“उतरतो,” काका म्हणाले. “तुझं बरोबर आहे. शिट्टी जोरात वाजवत जा.” आणि ते पाणथळीच्या बाजूला उतरले.

परत जाताना पुडी म्हणाली, “काका, तुम्हीच मालक आहात. पाइप उद्या बुजवून टाका. कोर्ट कशाला?”

“मी एकटा मालक नाही. मी बुजवा म्हटलं तर बाकीचे भागीदार समिती नेमतील. समिती कारंजं बघून येईल.” ते थोडा वेळ चालत राहिले. “आणि मीसुद्धा आज म्हणतोय. उद्या केबिनमध्ये बसलो की काय म्हणेन ते मला सांगता येत नाही. खोटं कशाला बोलू? यंत्र चालतंय हे मी इतकी वर्षं कोणालाच न विचारता खरं मानलं. विचारायला भीती वाटत असेल. कोर्टाने विचारलं की उत्तर द्यावं लागतं.”

मांडवात चहा गार झाला होता. आत्या, दातकाका आणि पार्लरवाल्या बाई एका रांगेत बसले होते.

“मंजूर,” काका म्हणाले. मग बाईंकडे वळले. “वकील चांगला बघा. आमचा फार हुशार आहे, तो तुम्हाला सोपं जाऊ देणार नाही.”

“नाही देणार तर नाही,” बाई म्हणाल्या. “आम्ही पाणकणसं लावलीत. आम्हाला वाट बघायची सवय आहे.”

काकांनी हात पुढे केला आणि रंग बघून पुन्हा मागे घेतला. बाईंनी तो तसाच धरून आपल्याकडे ओढला, उजेडाकडे वळवला, नखांच्या कडा बघितल्या, अंगठ्याने घासून बघितलं. हे त्यांचं रोजचं काम होतं.

“साबणाने नाही निघणार हा,” त्या म्हणाल्या.

“नाही निघणार,” काका म्हणाले. “पक्का आहे. मीच केलाय.”